वळून बघायचं नाही: जर्मन मुलांचे खेळ, घरातली मारहाण आणि कायदा

'मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं' ज्यांनी खेळलं आहे, त्यांना जर्मनीतला 'प्लुम्पझाक' वेगळा शिकवावा लागत नाही. मुलं आत तोंड करून गोल बसतात. राज्य असलेला फडकं घेऊन बाहेरून फिरतो, कुणाच्या तरी पाठीमागे ते हळूच टाकतो, आणि ज्याच्या मागे टाकलं त्याच्या लक्षात आलं की पळापळ सुरू. फरक आहे तो गाण्यात. जर्मन गाणं म्हणतं, मागे वळून बघू नका, प्लुम्पझाक फिरतोय. जो वळेल किंवा हसेल त्याची पाठ काळीनिळी होईल. प्लुम्पझाक म्हणजे गाठ मारलेलं फडकं. आज तो साधा रुमाल असतो, पण पूर्वी त्याच गाठीने पाठीत खरोखर मारत असत. आपल्याकडेही गाफील राहणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसतोच.

खेळातला हा मार आणि घरातला मार बाहेरून सारखे दिसले तरी मुलाच्या दृष्टीने ते अगदी वेगळे असतात. हा फरक नीट समजला, तर जर्मनीतला बालसंरक्षणाचा कायदा तसा का लिहिला आहे तेही समजतं, आणि घरगुती हिंसेवरच्या एका जर्मन चित्रपटाची विचित्र रचनाही. सुरुवात खेळांपासून करू, कारण मूल जग आधी तिथेच शिकतं.

पडायचं, पण हात सुटायचा नाही

जर्मन घरांत मूल आधाराशिवाय बसायला लागलं की 'हॉप्पे हॉप्पे राइटर' सुरू होतं. मोठ्या माणसाने खुर्चीवर बसायचं, मुलाला समोरासमोर गुडघ्यांवर घ्यायचं, त्याचे दोन्ही हात किंवा काखा घट्ट धरायच्या आणि गुडघे वरखाली करत गाणं म्हणायचं. गाण्यातला घोडेस्वार पडतो तेव्हा ओरडतो. खड्ड्यात पडला तर त्याला डोमकावळे खातात. आणि दलदलीत पडला की 'प्लुम्प्स'. या शेवटच्या शब्दाला गुडघे फाकवायचे, म्हणजे मूल मधून खाली घसरतं आणि लगेच वर येतं.

शब्द भीषण आहेत, पण मूल खिदळतं, कारण 'प्लुम्प्स' दर वेळी त्याच जागी येतं. चार-पाच वेळा खेळून झालं की मूल त्या शब्दाच्या आधीच अंग आकसून वाट बघायला लागतं. शिवाय मोठ्याच्या हातांची पकड सुटत नाही. हा खेळ बिघडतो तो दोनच प्रकारे. गंमत म्हणून कुणी मध्येच, शब्द यायच्या आधी गुडघे फाकवतं, किंवा पकड सैल ठेवतं. दोन्ही वेळा मूल दचकून रडतं, आणि पुढचे काही दिवस गुडघ्यांवर बसायला तयार होत नाही.

थोड्या मोठ्या मुलांचा 'ओक्स आम बेर्ग' आपल्या 'स्टॅच्यू'च्या जवळचा. राज्य असलेला भिंतीकडे तोंड करून 'डोंगरावरचा बैल, एक, दोन, तीन' असं म्हणतो. तेवढ्यात बाकीचे पुढे सरकतात. तो वळला की सगळ्यांनी गोठायचं, जो हलताना दिसला तो परत सुरुवातीच्या रेघेवर. वाढदिवसाला 'टॉप्फश्लागेन' हमखास असतं. एका मुलाचे डोळे बांधतात, हातात लाकडी डाव देतात आणि खोलीत कुठेतरी पातेलं पालथं घालून त्याखाली खाऊ ठेवतात. मूल रांगत रांगत जमिनीवर डाव आपटत पातेलं शोधतं आणि बाकीचे 'गरम', 'थंड' असं ओरडून दिशा सांगतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला डोळे बांधलेले सोसत नाहीत. त्याला नुसते डोळे मिटायला सांगावं, चोरून पाहिलं तरी चालतं. या लाकडी डावाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जर्मन घरांत पूर्वी मुलांना मारायची नेहमीची साधनं म्हणजे वेताची छडी, गालिचा झोडायचं झोडपणं आणि हाच स्वयंपाकघरातला डाव.

मग पाचेक वर्षांच्या पुढच्या वयात येतो जर्मनीतला सगळ्यात घरोघरी पोचलेला पट, 'मेन्श एर्गेरे डिश निश्ट'. नावाचा अर्थ, 'अरे माणसा, चिडू नकोस'. म्युनिकच्या योझेफ फ्रीडरिश श्मिट यांनी तो १९०७-०८ च्या सुमारास आपल्या मुलांसाठी तयार केला आणि १९१४ पासून त्याचं नियमित उत्पादन सुरू झालं. पहिल्या महायुद्धात त्यांनी ३,००० संच सैनिकी इस्पितळांना पाठवले. जखमी सैनिकांनी वेळ घालवायला तो खेळला, घरी जाताना खेळाची ओढ सोबत नेली, आणि खप वाढला. या पटाचं कूळ मात्र आपलंच. आपली पचिशी इंग्लंडमध्ये जाऊन लुडो झाली, आणि त्याच घराण्यातला हा जर्मन भाऊ. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, फिरायच्या वाटेवर ४० घरं, सोंगटी बाहेर काढायला सहा हवेत, आणि पटावर एकही सोंगटी नसेल तर फासा तीनदा टाकायची मुभा. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली पडली की ती मारली जाते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चिडायला शिकवणारा हा पट आहे. चौथी सोंगटी घरात जायला दोन घरं उरलेली असताना मार खाल्लेलं मूल पट उधळतं, आणि तेव्हा मोठ्यांनी काय करायचं हा प्रत्येक जर्मन घरातला जुना प्रश्न. दर वेळी मुद्दाम हरू नये, कारण ते मुलाला कळतं आणि जिंकण्याची किंमत जाते. मध्येच नियम बदलू नयेत. राग येऊ द्यावा, रडू द्यावं, सोंगट्या वेचायला मात्र मुलानेच यावं. 'मारलेल्याने पुन्हा सुरू करायचं' हा नियम सगळ्यांना सारखा आहे, बाबांनाही, एवढं मुलाला दिसलं तर पुरे.

आणि प्रत्येक पकडापकडीत एक सुटकेची जागा असते. आपली मुलं मूठ वर करून 'टाइमप्लीज' म्हणतात. उत्तर जर्मनीतली मुलं 'क्लिप्पो' म्हणतात, ऑस्ट्रियातली 'लेओ'. शब्द कुठलाही असो, तो उच्चारला की पकडणाऱ्याला थांबावंच लागतं. लहानातलं लहान मूलही हा हक्क वापरतं आणि सगळ्यात दांडगा मुलगाही तो मानतो, कारण न मानणाऱ्याला पुढच्या डावात कुणी घेत नाही.

खेळाचे नियम आधी माहीत असतात, ते सगळ्यांना लागू असतात, आणि खेळ थांबवता येतो. मार खाणाऱ्या, किंवा आईला मार खाताना पाहणाऱ्या मुलाच्या घरात नेमकं हेच तीन गुण नसतात. सोमवारी दूध सांडलं तर बाबा हसतात, मंगळवारी त्याच सांडलेल्या दुधासाठी आईच्या तोंडात बसते. नियम सापडत नाही म्हणून मूल तो शोधत राहतं: कुलपात किल्ली कशी फिरली, बूट कसे आपटले, श्वास किती जोरात आहे. अशी मुलं वर्गात खिडकीबाहेर पाहणारी, 'लक्ष नसलेली' वाटतात. खरं तर त्यांचं लक्ष सतत लागलेलं असतं, फक्त फळ्याकडे नसतं. 'ओक्स आम बेर्ग'मध्ये काही क्षण गोठायचं असतं. हे मूल घरात तासन्तास गोठून राहतं.

५९ तुकडे

दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांचा चित्रपट 'दी फ्राउ देस पोलित्सिस्टेन', म्हणजे 'पोलिसाची बायको', २०१३ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. लांबी १७५ मिनिटं. एका लहान गावातला गस्तीवरचा पोलीस उवे, त्याची बायको क्रिस्टीने आणि त्यांची छोटी मुलगी क्लारा, एवढंच कुटुंब. गोष्ट म्हणून सांगायला गेलं तर चार ओळींत संपते.

सांगण्यासारखी आहे ती रचना. चित्रपट ५९ प्रकरणांत कापलेला आहे. प्रत्येक प्रकरणाआधी पडद्यावर 'प्रकरण अमुक, सुरुवात' अशी पाटी येते आणि नंतर 'प्रकरण अमुक, शेवट'. म्हणजे अशा ११८ पाट्या. सरासरीने एक प्रकरण तीन मिनिटांचं, पण काही प्रकरणं सेकंदांत संपतात. एखाद्यात आई मुलीला जवळ घेऊन काहीतरी दाखवते आहे, एवढंच. एखाद्यात रस्ता किंवा एखादं जनावर. काहींत कुटुंबातली माणसं सरळ कॅमेऱ्याकडे बघत लहान मुलांचं गाणं म्हणतात. अनेक प्रेक्षकांना हे असह्य होतं, पहिल्या अर्ध्या तासात चिडचिड होते. पण थोडं थांबावं, कारण या कापाकापीला कारण आहे.

घरगुती हिंसेवरच्या बहुतेक चित्रपटांत एक चढ असतो: आधी प्रेम, मग संशय, मग पहिली थप्पड, मग वाढत गेलेला मार. प्रेक्षकाला पुढे काय येणार ते दिसत असतं. इथे तो चढच काढून टाकला आहे. क्रिस्टीनेच्या अंगावरचे काळेनिळे डाग आपल्याला दिसतात, पण ते कधी पडले, कशावरून पडले, त्याआधी काय झालं होतं, हे जोडून मिळत नाही. दोन पाट्यांच्या मधला काळा पडदा तेवढा असतो. क्लारालाही असंच मिळतं. तिच्याकडेही तुकडेच आहेत: आईसोबतचं खेळणं, बाबांचा लाड, एक आवाज, आईच्या दंडावरचा डाग. ते एकमेकांना कसे जोडायचे हे तिला कुणी सांगत नाही. तीन तास प्रेक्षकाला त्या मुलीच्या जागी बसवण्याचा हा मार्ग आहे, आणि तो चालतो.

दुसरं म्हणजे, यातली माया खोटी नाही. उवे मुलीशी खेळतो तेव्हा तो ढोंग करत नसतो. घरगुती हिंसा बाहेरच्यांना का दिसत नाही आणि आतल्यांना का सोडवत नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. शेजाऱ्याने संध्याकाळी बागेत पाहिलेला बाप आणि रात्रीचा बाप हे एकाच माणसाचे खरे चेहरे असतात. 'पण तो मुलीशी किती छान वागतो' हे वाक्य म्हणून पुरावा ठरत नाही.

नवरा पोलीस असणं हाही योगायोग नाही. ज्याला फोन करायचा तोच घरात आहे. शिवाय गस्तीवर तो इतरांची घरगुती भांडणं सोडवणारा माणूस आहे. त्याला सगळे शब्द आणि सगळी प्रक्रिया पाठ आहे.

चित्रपट लहान मुलांसोबत पाहू नये. ज्यांनी असं घर आतून पाहिलं आहे त्यांनी एकट्याने पाहू नये, आणि लागेल तिथे बंद करावा. पाट्या असल्यामुळे थांबायच्या जागा भरपूर आहेत.

कायद्याला लागलेली शंभर वर्षं

'किंडरगार्टन' हा शब्द जगाला जर्मनीने दिला. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांच्या खेळासाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि नळकांडं, अशा क्रमाने दिलेल्या साध्या वस्तूंशी खेळत मूल शिकतं, ही त्यांची धारणा. त्याच देशाची नागरी संहिता १ जानेवारी १९०० ला लागू झाली तेव्हा तिच्या कलम १६३१ मध्ये लिहिलं होतं की वाढवण्याच्या हक्कापोटी बाप मुलावर योग्य ते शिक्षेचे उपाय करू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच समाजात, एकाच वेळी मान्य होत्या.

बापाचा हा लेखी अधिकार १९५८ मध्ये गेला, तोही मुलांचा विचार करून नव्हे. स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यात बापाचा एकट्याचा अधिकार बसत नव्हता म्हणून. रूढीने मारण्याचा अधिकार आईबाप दोघांकडे राहिलाच. शाळेतली छडी पूर्व जर्मनीत १९४९ मध्ये बंद झाली, पश्चिमेत १९७३ मध्ये, आणि बव्हेरियात त्यानंतरही काही वर्षं रेंगाळली.

१९७८ मध्ये फ्रांकफुर्टला पुस्तकव्यवसायाचा शांतता पुरस्कार घेताना स्वीडिश बालसाहित्यिक आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी मुलांना मारण्याविरुद्ध भाषण केलं. त्यात एका आईची गोष्ट होती. तिने मुलाला, तुला मारायला छडी शोधून आण, असं सांगून बाहेर पाठवलं. मुलगा रडत परत आला, छडी सापडली नाही म्हणून हातात दगड घेऊन. आईला मला दुखवायचंच आहे तर दगडही चालेल, असा त्याचा हिशेब. मुलाचं डोकं शिक्षेचा अर्थ कसा लावतं, हे एवढ्या थोडक्यात सांगणारं दुसरं उदाहरण शोधून सापडणार नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यावर संपूर्ण बंदी आणली, असं करणारा तो जगातला पहिला देश. जर्मनीने १९८० पासून फक्त 'अपमानास्पद' उपाय वर्ज्य ठरवले. मग न्यायालयांत वाद सुरू झाले की साधी थप्पड अपमानास्पद धरायची का. शब्द सैल ठेवला की असं होतं.

नोव्हेंबर २००० मध्ये कलम १६३१ पुन्हा लिहिलं गेलं, आणि या वेळी वाक्याचा कर्ता बदलला. १९०० च्या वाक्यात कर्ता होता बाप. आता कर्ता आहे मूल: मुलांना हिंसेविना वाढवलं जाण्याचा हक्क आहे, शारीरिक शिक्षा, मनाला केलेल्या जखमा आणि इतर अपमानास्पद उपाय यांना मुभा नाही. ज्या कलमाने बापाला छडी दिली होती, त्याच क्रमांकाच्या कलमाने ती काढून घेतली.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. या कलमात शिक्षा सांगितलेली नाही. एका थपडेसाठी आईबापांना तुरुंगात टाकणं हा त्याचा हेतू नाही. बहुतेकदा कुटुंबाला मदत देऊनच काम होतं. मात्र मारण्याचा अधिकारच उरला नसल्यामुळे मारहाण ही फौजदारी कायद्यातली सरळ मारहाण ठरते, 'मी बाप आहे' हा बचाव चालत नाही, आणि पाल्याचा छळ हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा आहे. सवय मात्र कायद्याच्या वेगाने बदलत नाही. उल्म विद्यापीठाच्या रुग्णालयाने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत, कुल्ल्यावर एक चापट मारल्याने कुठल्याच मुलाचं काही बिघडलेलं नाही, असं मानणारे अजून निम्मे लोक निघाले.

२००२ पासून हिंसेपासून संरक्षणाचा वेगळा कायदा आहे. त्याचं लोकांच्या तोंडी असलेलं सूत्र, 'जो मारतो तो घर सोडतो'. पोलीस मारणाऱ्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढून काही दिवस परत यायला बंदी करू शकतात. किती दिवस हे राज्यावर अवलंबून, नॉर्थ राइन-वेस्टफालियात १० दिवस. तेवढ्यात पीडित व्यक्तीने कुटुंब न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय जवळ येण्याला, फोन-संदेशांना मनाई करतं आणि राहतं घर पीडितेला देऊ शकतं, भाडेकरार किंवा मालकी एकट्या मारणाऱ्याच्या नावावर असली तरी. तशा वेळी मुदत सहा महिन्यांपर्यंत, आणि आणखी सहा महिने वाढवून मिळू शकते. घराची मागणी मारणाऱ्याकडे लेखी करावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत अनेकींची चुकते, कारण मधल्या काळात माफी, फुलं आणि चांगले आठवडे येऊन गेलेले असतात.

या कायद्याखाली मूल स्वतःच्या आईबापांविरुद्ध संरक्षण मागू शकत नाही. मुलासाठी वेगळा रस्ता आहे, आणि तो युगेंडआम्टमधून जातो.

युगेंडआम्ट काय करतं आणि काय करत नाही

युगेंडआम्ट म्हणजे मुलांचं आणि तरुणांचं सरकारी कार्यालय. बाहेरून आलेल्या कुटुंबांत याची दहशत असते, 'आले आणि मूल घेऊन गेले'. खरा क्रम वेगळा आहे.

बालवाडी, शाळा, डॉक्टर किंवा शेजारी यांच्याकडून गंभीर खूण कळली की कार्यालयाला धोक्याचा अंदाज घ्यावाच लागतो, आणि तो एका अधिकाऱ्याने एकट्याने ठरवायचा नसतो. अनेक तज्ज्ञांनी मिळून ठरवायचा असतो. आईबापांशी आणि मुलाशी बोलायचं असतं, त्यातून मुलाचा धोका वाढणार नसेल तर. गरज वाटली तर घरी भेट. मग मदत देऊ करतात: कुटुंबाकडे नियमित येणारी समाजसेविका, समुपदेशन, बालवाडीत जागा. आईबाप मदत नाकारत असतील आणि धोका कायम असेल तर प्रकरण कुटुंब न्यायालयाकडे. मुलाला तातडीने ताब्यात घेणं हे धोका डोक्यावर असेल तेव्हाच, आणि आईबापांनी हरकत घेतली तर कार्यालयाने मूल परत द्यायचं किंवा विनाविलंब न्यायालयात जायचं. अशा प्रकरणांत न्यायालयाला साधारण महिन्याभरात सुनावणी ठेवावी लागते. मुलाची बाजू मांडायला वेगळी व्यक्ती नेमली जाते आणि न्यायाधीश मुलाला स्वतः भेटतात.

सगळंच सुरळीत होतं असं नाही. दोन उलट्या दिशांच्या चुका पुन्हा पुन्हा होतात. एकीकडे, आईला मार बसतो पण मुलाला कुणी हात लावत नाही, म्हणून मूल सुरक्षित मानलं जातं. हे चूक आहे. घरातली हिंसा पाहणारं मूलही पीडितच, असं स्त्रियांवरची आणि घरातली हिंसा रोखण्याचा युरोपीय 'इस्तंबूल करार' मानतो आणि तो जर्मनीत २०१८ पासून लागू आहे.

दुसरी चूक खेळाशी जोडलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबू. मुलं खेळातून बोलतात हे खरं. गेरहिल्ड फॉन श्टाब्स यांनी १९३८ च्या सुमारास तयार केलेली 'सेनो' पेटी जर्मन बालमानसोपचारात अजून वापरतात. पेटीत वाकवता येणाऱ्या माणसांच्या बाहुल्या, प्राणी, झाडं आणि ठोकळे असतात, आणि पेटीचं झाकणच रंगमंच होतं. मूल त्यावर आपल्या मनातलं जग मांडतं. त्यातली मगर लहान बाहुलीला खायला धावली, तर उपचारकाला बोलायला एक धागा मिळाला, इतकंच. बाबा मारतात याचा तो पुरावा नव्हे. मगर ही जगातल्या सगळ्याच मुलांच्या खेळात खात असते.

हा फरक विसरल्याने काय होतं ते वोर्म्स या जर्मन शहरात दिसलं. १९९४ ते १९९७ या काळात तिथे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे मोठे खटले चालले, २५ आरोपी होते. मुलांना पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले गेले होते. सगळे आरोपी निर्दोष सुटले, आणि तोवर कुटुंबं मोडली होती, मुलं वर्षानुवर्षं घराबाहेर राहिली होती. त्यानंतर १९९९ मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने साक्षीची विश्वासार्हता तपासण्याचे किमान शास्त्रीय निकष घालून दिले: सुरुवात 'हे विधान खरं नाही' असं गृहीत धरून करायची, आणि ते गृहीतक टिकत नाही असं दिसलं तरच विधान खरं मानायचं. ऐकायला कठोर वाटतं, पण खरं बोलणाऱ्या मुलाची साक्ष याच तपासणीतून पक्की होऊन निघते.

म्हणून मुलाने काही सांगितलं तर शेजारी, शिक्षक किंवा मावशी-काकांनी तपास करायला बसू नये. शांतपणे ऐकावं. 'मग काय झालं?' एवढंच विचारावं. 'बाबांनीच मारलं ना?' हे विचारू नये. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नये.

अंगावरच्या खुणांबद्दल डॉक्टर एक साधा ठोकताळा वापरतात. चालत्या-पळत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर डाग असणं नेहमीचं. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग असेल, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही, ते स्वतःला लागवून घेत नाही.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

धपाटा ही आपल्याकडे अजून गुन्ह्यात मोजली जात नाही, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. बालवाडीत मूल 'आई मारते' म्हणालं तर शिक्षिकेला ते हसण्यावारी नेता येत नाही. साधारणपणे आधी आईबापांशीच बोलणं होतं. तेव्हा 'आमच्याकडे असंच असतं' असं म्हणून विषय झटकला की शंका वाढते. काय झालं ते खरं सांगावं, मदत मागावी. जर्मन कच्चं असेल तर दुभाषी मागावा. मुलालाच दुभाषी करू नये, त्याने ते कुणाच्या बाजूने बोलावं?

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला वाटतं की घर सोडलं तर देशही सोडावा लागेल. कायद्याप्रमाणे जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला असेल तर पत्नीला स्वतंत्र वास्तव्याचा हक्क मिळतो, आणि घरगुती हिंसेसारख्या विशेष जाचाच्या वेळी ही तीन वर्षांची अटही सोडली जाते. म्हणून डॉक्टरचे दाखले, पोलिसांच्या नोंदी, संदेश जपून ठेवावेत, घराबाहेर कुणाकडे तरी; आणि घर सोडायच्या आधी जमलं तर पासपोर्ट आणि मुलांची कागदपत्रं सोबत घ्यावीत.

११६ ०१६ हा हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचा देशभराचा क्रमांक. चोवीस तास, फुकट, नाव न सांगता, इंग्रजीतही बोलता येतं. मुलं स्वतः ११६ १११ वर बोलू शकतात. मार चालू असेल तर सरळ ११०.

बालवाडीत 'श्टॉप' हा नियम पहिल्या काही आठवड्यांत शिकवतात: हात सरळ पुढे, तळवा समोर, मोठ्याने 'श्टॉप', आणि समोरच्याने त्याच क्षणी थांबायचं, शिक्षिकेनेही. बहुतेक मुलं दोन दिवसांत शिकतात. ज्याच्या घरी थांबा म्हणून कुणी थांबलं नाही, ते मूल हात उचलत नाही. ढकललं तरी नुसतं उभं राहतं. त्याला 'हात वर कर' असं पुन्हा पुन्हा बजावून उपयोग होत नाही. अशा मुलासोबत मागे जाऊन तान्ह्या वयाचे खेळ खेळावे लागतात. 'हॉप्पे हॉप्पे राइटर' घ्यावं, काखा घट्ट धराव्यात, गाणं दलदलीपर्यंत आणावं आणि तिथे थांबावं. 'प्लुम्प्स' कधी म्हणायचं, ते मुलाला म्हणू द्यावं. पहिले काही दिवस ते गप्प बसेल. गुडघे तोवर मिटलेले ठेवावेत.